बिनकोंबडीची अंडी अन् अमरावतीचं ऊन

माही फजिती गावात जो तो आपल्या मनानं सांगून रायला, मंग मीच सांगतो ना. बसा. चहा घ्या. पण आधीच बोलून ठेवतो, मी हारलो असं ज्याले वाटन त्यानं कप खाली ठेवावा अन् आपल्या घरी जावं.

आखाजीच्या सणाले माही लेक शालू अकोल्याहून माहेरी आली. सोबत वर्षाचं लेकरू. आमचं गाव चांदूर बाजारच्या अंगाले. पोरगी आली की घर घरासारखं वाटते. नाहीतर आमी नवराबायको, मी अन् बुढी, एकमेकाचं तोंड पाहत बसतो, अन् बुढीचं तोंड तुमी पाह्यलंच आहे.

हप्ता होत नाही तर तिचा सासरा, म्हणजे माहा इवाई देवराव, तिले न्यायले हजर. म्हणे, "कुरड्या-पापड खोळंबले, सून पाहिजे."

म्या म्हटलं, "पेरणीपर्यंत राहू द्या."

तो ऐकेना, मी सोडेना. तेवढ्यात पार्सल आलं.

शालूनं मोबाइलवरून झुंजीच्या असील जातीच्या कोंबडीची अंडी मागवली होती, पिल्लं काढायले. अंडी अन् पार्सलनं. म्या जनमात असं पाह्यलं नव्हतं. खोका उघडला तर भुश्यात एकेक अंडं असं गुंडाळलेलं, जसं बाळंतिणीचं लेकरू.

शालू म्हणे, "बाबा, याले मशीन लागते. नाहीतर खुडूक कोंबडी पाहिजे, अंड्यावर बसवायले."

"कायले?" म्या म्हटलं. "कोंबडी काय करते? गरमीच देते ना? मंग वैशाखात आमच्या अमरावती जिल्ह्यात गरमीची कमी आहे काय? टिनाखाली ठेवली तर आपोआप निघतीन."

इवाई हासला. "गरमी म्हणान तर अकोल्याची. तुमच्याकडे तर आमी हवा खायले येतो."

आता तुमीच सांगा, हे मानसानं ऐकून घ्यावं काय? देवानं आमाले देल्लं काय काय? संत्रं अन् ऊन. त्यातलं ऊनही अकोलेवाला घेऊन चालला.

म्या म्हटलं, "अर्धी अंडी तुमी न्या, अर्धी मी ठेवतो. ज्याच्या घरी पिल्लं निघतीन त्याचं ऊन खरं. माह्याकडे निघाली तर शालू पेरणीपर्यंत इथंच. तुमच्याकडे निघाली तर येऊन घेऊन जा तिले."

"अन् तोवर?"

"तोवर इथंच. दुसरं काय?"

इवाई विचारात पडला. पण सवाल अकोल्याच्या उनाचा होता. अंडी मांडीवर घेऊन एसटीत बसला.

शालू म्हणे, "बाबा, मले विचारलं कोणी?"

"तू गप. तुह्यासाठीच करून रायलो."

म्या अंडी टोपल्यात कापूस घालून टिनाच्या खोलीत ठेवली. तिथंच राहू देल्ली असती तरी जरा आशा होती. पण सांजच्याले इवाईचा फोन आला. "टीव्ही पाह्यला काय? आज उनात अकोला एक नंबर."

माहं डोकं सणकलं. म्या बुढीची लग्नातली पत्र्याची पेटी रिकामी केली. लुगडे भुईवर, अंडी पेटीत.

बुढी म्हणे, "अजी, त्या टिनाखाली मानसं उकडून रायले, त्यात पेटी?"

"अंडं मानूस आहे काय?"

शालूनंही सांगतलं, "बाबा, कोंबडीच्या पोटाखाली बेतानं गरमी असते. जास्त झाली तर वाया जातीन."

"जास्त देल्ली तर लवकर निघतीन. चूल मोठी केली की भात लवकर होते का नाही?"

पोरगी माह्याकडे पाहतच रायली. पटलं असन, असं मले वाटलं.

पण इवाई थांबते काय? रोज फोन. "आजही अकोला." पुन्हा "आजही अकोला." एका दिवशी म्या पेटी उचलली अन् थेट वर, घराच्या धाब्यावर नेऊन ठेवली, भर उनात. वरून काळा रंग मारला. अंडी फिरवायले हात घातला तर बोटं भाजली. मले तर आनंद झाला. म्हटलं, आता येतात पिल्लं पळत.

तीन हप्ते झाले अन् देवराव दारात. हातात पिशवी. पिशवीतून चिवचिव. असीलचं पिल्लू, डोळे माह्यासारखेच भांडखोर.

"काढले कसे?" म्या विचारलं.

"शेजारणीची खुडूक कोंबडी आणली. निंबाखाली, कूलरच्या बाजूले बसवली."

"कूलर?" म्या म्हटलं. "मंग ऊन कुठी गेलं अकोल्याचं?"

"शर्यत पिल्लाची होती, इवाई. कोंबडी बसवू नका असं तुमी म्हटलं नव्हतं. तुमचे दाखवा."

तोवर चारपाच लोक जमले होते. म्या पेटी खाली आणली, एक अंडं घेतलं अन् उंबऱ्यावर फोडलं. वास असा सुटला की कुत्रं उठून गेलं. अन् आत, काय सांगू बाप्पा, पांढरं घट्ट, पिवळं घट्ट. उकडलंही होतं अन् सडलंही होतं. लोक हासाले लागले.

पण मी मानतो काय? "हासता काहून?" म्या म्हटलं. "बिनाचुलीचं अंडं शिजलं. अकोल्यात शिजते काय? तिथं तर पिल्लं निघाले, म्हणजे थंड हवा. मंग ऊन कोणाचं खरं? बोला."

मंग इवाई पुढे आला अन् त्यानं हात जोडले.

"मान्य. चार लोकाईसमोर मान्य करतो. तुमच्या उनापुढे अकोला म्हणजे चिखलदरा. आता मले एकच सांगा, जिथं अंडं शिजते तिथं माही सून अन् नातू मी कसा ठेवू?"

आता मी काय, आमचं ऊन कमी आहे म्हणू?

दुपारच्या गाडीनं शालू गेली. खिडकीतून लेकरू हात हलवून रायलं होतं, अन् बाजूले इवाई पिशवी सांभाळत बसला होता.

घरी आलो तर बुढी म्हणे, "जिंकले ना तुमी? आता बसा जिंकून."

बसलोच आहे. घरात लेकराचा आवाज नाही, पेटीचा वास जात नाही. पण ऊन अमरावतीचंच जास्त, हे खुद्द अकोल्याचा मानूस कबूल करून गेला.