सोर गो, सोर!

गोजराबाई गेल्या तेव्हा त्यांची मुलगी उन्नती रडली नाही, याची गावात बरीच चर्चा झाली. आपल्याकडे मयताला आलेल्या बायकांचं निम्मं लक्ष मयताकडे असतं आणि निम्मं कोण किती रडतंय याच्याकडे. "पोटची पोर, पन डोल्यान पानी नाय," असं म्हणत त्यांनी चहा घेतला. तो चहाही उन्नतीनेच केला होता.

रडूच येत नव्हतं, त्याला ती तरी काय करणार? अंगाखाली दाबून राहिलेला हात जसा आपला वाटत नाही, तशी ती स्वतःला वाटायची. ताटात वाढलं की जेवायची, भाऊ विपुल कोर्टवर नेऊन सोडायचा तिथे खेळायची. टेनिस हाच तिचा पेशा, त्यातही डबल्स. नवी मुंबईत महिलांची व्यावसायिक स्पर्धा भरली आणि इथलीच खेळाडू म्हणून तिला थेट प्रवेश मिळाला, तरी तिला त्याचं काही वाटलं नाही.

"ही शेवटची," तिने विपुलला सांगितलं. "मंग तुज्या हापिसान बसतंय."

विपुल बिल्डर. त्याने मान हलवली. आईशिवाय हिला समजावणार कोण, हे त्यालाही माहीत होतं.

मग सामने जाहीर झाले आणि पहिल्याच फेरीत समोर आली संघप्रिया.

उन्नतीच्या वडिलांनी, म्हणजे हिरामणशेठनी, शेतजमीन नव्या शहरात गेली त्याच्या बदल्यात सरकारकडून मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग बांधली, तेव्हा पहिले भाडेकरू आले ते किसनराव. मूळचे मराठवाड्याचे, रबाळ्याच्या कारखान्यात नोकरीला. संघप्रिया ही त्यांची मुलगी. दोघी एकाच जिन्यावर वाढल्या, एकाच कोर्टवर शिकल्या आणि पुढे वर्षानुवर्षं जोडीने खेळल्या. सरावाच्या वेळी गोजराबाई कोर्टच्या जाळीबाहेर वाल सोलत बसायच्या. टेनिसमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण चेंडू बाहेर चाललाय असं वाटलं, की त्या आपल्या आगरी बोलीत ओरडायच्या, "सोर गो, सोर!" म्हणजे सोड, हात लावू नकोस त्याला. निम्म्या वेळा चेंडू आतच पडायचा, आणि मग सगळ्यांत जास्त त्याच हसायच्या.

बाकीच्या जोड्या एकमेकींना इंग्रजीत हाका मारत. या दोघींनी गोजराबाईंचा 'सोर' उचलला. एकीने ओरडायचं आणि दुसरीने काही विचार न करता रॅकेट खाली घ्यायची. परदेशात समोरच्यांना वाटायचं, या कुणाला तरी शिव्या घालतायत.

पुढे गोजराबाई आजारी पडल्या आणि उन्नतीचे दौरे बंद झाले. संघप्रियाने काही महिने वाट पाहिली, मग एका कझाक मुलीबरोबर खेळायला लागली. त्यात तिचं चुकलं असं म्हणता येत नाही. डबल्समध्ये एकटीने कोर्टवर उभंच राहता येत नाही. पण गोजराबाई गेल्या तेव्हा तिने कुठूनतरी दुरून नुसता मेसेज धाडला, साधा फोन केला नाही. हे मात्र चुकलंच. उन्नतीने मेसेज वाचला आणि मोबाइल उलटा ठेवून दिला.

सामना दुपारी होता. खाडीवरून वारा सुटला होता. प्रेक्षकांत टोप्या वाटून बसवलेल्या शाळकरी मुली आणि विपुल. उन्नतीची नवी जोडीदार नमिता, पुण्याची, जीव तोडून खेळत होती. एक सेट यांनी घेतला, एक त्यांनी, आणि शेवटी टायब्रेक संपत आला. आता एक गुण गेला की सामना गेला. नमिताचे ओठ सुकले होते. उन्नतीला मात्र काहीच वाटत नव्हतं. जिंकलो तर पुन्हा इथे यायचं, हरलो तर विपुलच्या हापिसात. तिला दोन्ही सारखंच होतं.

नमिताने चेंडू उंच मारला. संघप्रिया मागे धावली, वळली आणि तिने रॅकेट उचलली. वारा चेंडूला आणखी मागे रेटत होता. नेटजवळ उभ्या असलेल्या उन्नतीला ते दिसलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"सोर गो, सोर!"

संघप्रियाने रॅकेट खाली घेतली. चेंडू रेषेच्या बाहेर पडला. सामना संपला.

टोपीवाल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. नमिता उन्नतीकडे बघतच राहिली. "ताई, तू तिला सांगितलंस? आपलाच बॉल सोडायला?"

उन्नती हात मिळवायला नेटपाशी गेली. कझाक मुलीने हसून हात दाबला आणि ती पुढे गेली. संघप्रियाचं मात्र लक्षच नव्हतं. ती जाळीबाहेर बघत होती, जिथे कुणीच बसलेलं नव्हतं.

"मला वाटलं, काकीच ओरडली," ती म्हणाली.

"मना पन," उन्नती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

हुंदका नाही की काही नाही, सरळ भोकाड. भर कोर्टवर, मध्ये नेट असताना, तिने संघप्रियाच्या गळ्यात हात टाकले. गावातली एकही बाई ते बघायला तिथे नव्हती. विपुल धावत खाली आला. ही हरली म्हणून रडतेय असं त्याला वाटलं, आणि तो तिचा दंड धरून तिला बाजूला घ्यायला लागला.

"सोर, विपुलदादा," संघप्रिया म्हणाली. "रडू दे तिला."