पडद्यामागची आखणी

गणपतीच्या कारखान्यात हंगामभर बसणाऱ्याच्या केसांत धूळ साचते आणि डोक्यात किस्से. धूळ आंघोळीने जाते, किश्श्यांचे तसे नाही. समाजशास्त्रात एम.ए. झाल्यावर, नोकरी मिळेपर्यंत म्हणून मी पेणच्या एका कारखान्यात चिठ्ठ्या लिहायला लागले, त्याला आता चार हंगाम झाले. कोणती मूर्ती कोणाची हे चिठ्ठीवर लिहायचे आणि ती मूर्तीच्या पाटाला बांधायची, एवढेच माझे काम. सकाळच्या गाडीने रोह्याहून यायचे, संध्याकाळच्या गाडीने परतायचे. मधल्या वेळेत जे पाहिले आणि ऐकले, त्यातले सुजितविषयीचे तेवढे इथे लिहिते. त्याची परवानगी घेतली आहे.

"लिहा," तो म्हणाला. "फक्त फोटो नको."

सुजित आमच्याकडे आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटतो. रंग, दागिने, सोनेरी काम सगळे उरकल्यावर शेवटी आखणी होते, आणि ती झाल्याशिवाय मूर्ती कारखान्याच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. गडबचे एक गिऱ्हाईक एकदा घाईत म्हणाले, "डोळ्यांचं राहू द्या, टेम्पो थांबलाय." आमचे मालक अण्णा यांनी तो टेम्पो रिकामा परत पाठवला. या कामाला कारखान्यातला सर्वांत स्थिर हात लागतो आणि तो हात सुजितचा आहे.

अडचण चेहऱ्याची आहे. त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत काळ्या नक्षीच्या रेघा गोंदलेल्या आहेत. कानांच्या पाळ्यांतली भोके वाढवत वाढवत त्याने रुपयाएवढी केली आहेत. जिभेचे टोक मधोमध चिरून घेतले आहे. वर्णन नेमके असावे म्हणून सांगते, उजव्या पाळीतल्या भोकात तो सर्वांत बारीक ब्रश अडकवून ठेवतो.

अण्णा म्हणतात, "एवढ्या उपद्व्यापात तेवढी एक गोष्ट कामाची केलीस."

*

पहिल्या हंगामात माझ्यात संशोधकाचा उत्साह होता. मी सुजितसाठी एक प्रश्नावली तयार केली. पहिला प्रश्न: शरीरात बदल करण्यामागील प्रमुख कारण कोणते? पर्याय चार. त्याने कागद दोनदा वाचला आणि माझ्या नाकाकडे पाहिले.

"ताई, तुमचं नाक कधी टोचलं?"

"चौथीत असताना. आईने सोनाराकडे नेलं होतं."

"मग या चारांतला कुठला पर्याय?"

मी विचार केला आणि चारांपैकी एकही लागू होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मला विचारलं. गोंदणाऱ्यानं फॉर्मवर सही घेतली," असे म्हणून त्याने कागद परत केला.

ती प्रश्नावली मी पुढे कोणालाही दिली नाही.

*

मूर्ती पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करण्याचे काम बारकीमावशीकडे आहे. ती डोंगराकडच्या वाडीवरची, साठीच्या पुढची. तिच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण आहे. चार हंगामांत एकाही गिऱ्हाइकाने त्या गोंदणाकडे थांबून पाहिल्याचे मला आठवत नाही.

सुजित चेहरा गोंदवून पहिल्यांदा कारखान्यात आला, तेव्हा मी इथे नव्हते. त्यामुळे हे अण्णांकडून ऐकलेले आहे. सगळे आपापल्या कामात डोके घालून बसले. मावशी तेवढी उठली आणि तिने हनुवटीला धरून त्याचे तोंड उजेडाकडे वळवले.

"कुणी काढलं रं?"

"मुंबईला. मशीनवर."

"दुखलं?"

"दुखलं."

"रडलास?"

"नाय."

"मग फुकट," मावशी म्हणाली आणि पुन्हा घासायला बसली.

*

ब्रशचे टोक निमुळते करण्यासाठी ते ओठांत धरायचे, ही बऱ्याच चित्रकारांची सवय. आमच्याकडे त्याला पक्की मनाई आहे, कारण देवाला उष्टे चालत नाही. प्रत्येकाच्या शेजारी त्यासाठी ओले फडके असते. एका सोसायटीतल्या बाई मूर्ती ठरवायला आल्या असताना सुजित कोणाशी तरी बोलला आणि त्यांना ती जीभ दिसली.

"यानं ब्रश तोंडात घातला नसेल कशावरून?" त्यांनी अण्णांना विचारले.

"आमच्याकडं कुणीच घालत नाय."

"पण याची जीभ बघा ना. मला नाही बाई खात्री वाटत." पुढची पंधरा मिनिटे त्या खात्रीविषयीच बोलल्या.

त्या गेल्यावर मावशी म्हणाली, "त्याच्या जिभेला दोन टोकं, तरी दिवसाला दहा शब्द. या बायला एकच हाय ते बरं."

पण दुसऱ्या दिवशी अण्णांनी आखणीच्या जागेपुढे जाड निळा पडदा लावला. धुळीसाठी आहे, असे ते सगळ्यांना सांगत. सुजितला त्यांनी काहीच सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही.

पडद्याचा परिणाम मात्र कोणी कल्पिला नव्हता. पुढच्या हंगामात गिऱ्हाइकांत अशी समजूत पसरली की आत कोणी फार मोठे, वयोवृद्ध कलाकार बसतात. ते आखणीच्या दिवसांत फक्त फळे खातात, अशीही भर पडली. त्याच सोसायटीतल्या त्याच बाई पुन्हा आल्या, पडद्यापुढे चप्पल काढून उभ्या राहिल्या, नमस्कार केला आणि नारळ ठेवून गेल्या.

तो नारळ सुजितने फोडला. खोबरे सगळ्यांना वाटले आणि स्वतःचा तुकडा घेऊन तो पडद्याआड गेला. पडदा लागल्यापासून तो डबाही आतच खातो, बाहेर एकही गिऱ्हाईक नसले तरी.

*

ओळखपत्रावरचा फोटो बदलायचा म्हणून त्याच्याबरोबर मी एकदा सेवा केंद्रात गेले. खिडकीतल्या मुलाने आधी कार्ड पाहिले, मग सुजितला, मग पुन्हा कार्ड.

"यातला माणूस कुठाय?"

"मीच तो."

मुलाने माझ्याकडे मोर्चा वळवला. "मॅडम, तुम्ही यांना ओळखता?"

"हो."

"फोटोत आहेत तेव्हापासून?"

मला खोटे बोलता आले असते. "नाही," मी म्हणाले. "या चेहऱ्यापासूनच."

"मग काय उपयोग? त्या चेहऱ्याला ओळखणारं घरचं कुणीतरी आणा."

बाहेर आल्यावर सुजितने कार्ड खिशात ठेवले. "त्याला ओळखणारे मला ओळखत नाहीत," तो म्हणाला. एवढे बोलून झाल्यावर त्याने मला चहा पाजला.

त्याचे घर निडीला आहे. आई नाही. वडील रोह्याच्या एका कंपनीतून निवृत्त झाले. चेहरा गोंदवला त्या वर्षापासून, म्हणजे सहा वर्षे, बापलेकांत बोलणे नाही. सुजित पेणला एका खोलीत राहतो. गणपतीच्या दिवशी, सगळे कामगार आपापल्या घरी गेल्यावर, तो कारखाना झाडून काढतो.

*

परतीच्या गाडीत निडीच्या एक बाई बहुतेकदा माझ्यासमोर बसतात. मी गणपतीच्या कारखान्यात आहे एवढेच त्यांना ठाऊक होते. कोणता कारखाना, हे त्यांनी विचारले नाही.

"आमच्या शेजारचा पोरगा बी कलाकार होता गो," त्या एकदा म्हणाल्या. "आता मस्कतला हाय. एसीचं काम करतो. बाप सांगतो ना."

खूण पटवण्यासाठी मी मुलाचे नाव विचारले. सुजित.

पेण आणि निडी यांच्यामध्ये दोनच स्टेशने आहेत.

हे त्याला सांगावे की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला आणि सांगितले. तो डावा डोळा आखत होता. तो पूर्ण करून त्याने ब्रश कानात अडकवला.

"मस्कतला मला गणपतीची सुट्टी नसते का, तेवढं विचारा."

मी विचारले. बाई म्हणाल्या, "मी पण तेच बोलले. तर बाप म्हणतो, पोरानं मागितलीच नाय कधी."

संदर्भाशिवाय विधान करू नये, हे मला शिकवलेले आहे आणि मी ते पाळते. त्या दिवशी पाळले नाही.

"यंदा मागितली आहे," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिले. नागोठणे गेल्यावर त्यांनी पिशवी आवरायला घेतली. सुजितला यातले मी काहीच सांगितले नाही.

*

सुजितचे वडील घरचा गणपती दर वर्षी आमच्याच कारखान्यातून नेतात. ते आले की सुजित पडद्याबाहेर येत नाही आणि ते पडद्याकडे पाहत नाहीत. मूर्ती उजेडात धरून फक्त तिचे डोळे पाहतात आणि निघतात.

यंदा ते गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी आले. मावशी शेवटच्या मूर्तीची कड घासत होती. अण्णांनी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. त्यांच्या नावाची चिठ्ठी बांधलेली मूर्ती मी पुढे केली. त्यांनी तिचे डोळे बराच वेळ पाहिले.

"चांगले झालेत," ते म्हणाले. मग मागच्या फळीवरच्या मूर्तीकडे बोट केले. "पण मला ती द्या."

ती फूटभर उंचीची. पितांबर, मुकुट, सगळे झालेले. डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग होता.

"तिची आखणी राहिलीय," अण्णा म्हणाले. "थांबा, अर्ध्या तासात होईल."

"नको. अशीच द्या."

"अशी आम्ही देत नाय. तुम्हाला माहीत हाय."

"माहीत हाय."

"मग डोळ्यांचं काय?"

"घरी होतील."

"घरी कोण आखणार?"

मावशीचा पॉलिशपेपर थांबला. पडद्यामागे पाण्यात ब्रश खळबळल्याचा आवाज येत होता, तोही थांबला.

अण्णांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "चिठ्ठी बदल," ते म्हणाले.

मी पहिल्या मूर्तीची चिठ्ठी सोडली आणि दुसरीला बांधली. वडिलांनी मूर्तीच्या तोंडावर स्वच्छ रुमाल घातला, ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि उंबरा ओलांडला. मग तिथेच थांबून, मागे न वळता, त्यांनी गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात मला विचारले,

"संध्याकाळची गाडी निडीला थांबते ना?"

तीस वर्षे कंपनीच्या शिफ्टसाठी त्यांनी निडीहूनच गाडी पकडली होती.

"थांबते," मीही मोठ्याने सांगितले.