जवळचंच कुणीतरी

बेळगावकडच्या गुंजी गावच्या आरोहीला लहानपणापासून खोड होती, कुठलीही वस्तू आतून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. घरातला मिक्सर तिनं दोनदा खोलला आणि एकदाच जोडला. आयटीआय करून ती बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात मशीनवर लागली, तेव्हा तिची आई जयाबाई म्हणाली, "बरं झालं. आता लोकांची यंत्रं खोलंल."

मशीनमधून लोखंडाची चकचकीत वेटोळी सुटत. त्यांचे छोटे व्हिडिओ ती इन्स्टाग्रामवर टाकायची. शेजारच्या मशीनवरचा विक्रम कधीकधी तिच्यासाठी फोन धरायचा. बघणारे वाढत गेले, आणि एके दिवशी अनोळखी खात्यावरून तिला एक फोटो आला. चेहरा तिचा, अंगावर कपडे नाहीत. खाली हिंदीत लिहिलं होतं, व्हिडिओ कॉल घे, नाहीतर गुंजी स्टेशनाजवळच्या घराघरांत हा फोटो पोचेल.

आरोहीनं फोटो मोठा करून निरखला. गळ्यापाशी कातडीचा रंग एकदम बदलत होता. म्हणजे जोडकाम होतं. संध्याकाळी तिनं फोन आईपुढं ठेवला.

जयाबाईनं बराच वेळ पाहिलं. "ही तू न्हवंस. तुला न्हाऊ घातलंय मी. पर त्वांड तुझं घेतलंय मेल्यानं! पुसून टाक ते."

"पुसलं तर पोलिसांना काय दाखवू?"

आरोहीनं त्या खात्याला उत्तर दिलं नाही, कॉलही घेतला नाही. सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढले, खात्याची लिंक जपून ठेवली, आणि मगच ते खातं रिपोर्ट करून ब्लॉक केलं. दुसऱ्या दिवशी मायलेकी बेळगावच्या सायबर पोलिसांकडं गेल्या. तिथल्या अधिकारी बाई कन्नड होत्या. आरोहीनं मोडक्यातोडक्या कन्नडात सांगितलं, बाईंनी न हसता, न ओरडता सगळं लिहून घेतलं.

पुढचं वाट बघणं अवघड गेलं. गुंजी स्टेशन ठाऊक आहे म्हणजे माणूस जवळचाच, एवढं तिनं मनाशी धरलं होतं. बसमध्ये फोनात डोकं घातलेला प्रत्येक जण तिला तोच वाटे. चुलतभाऊ हसला तर हा का हसला म्हणून ती रात्रभर तळमळे. सगळ्यात जास्त संशय विक्रमचा. तिनं त्याच्यासोबतचा चहा सोडला.

"काय झालं गं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय."

शेवटी पोलिसांनी बोलावलं. फोटो पाठवणारा पोरगा दूरच्या राज्यातला निघाला. त्याच्या फोनात कितीतरी पोरींचे असेच जोडलेले फोटो होते.

"पण त्याला गुंजी कसं कळलं?" आरोहीनं विचारलं.

बाईंनी तिचाच एक जुना व्हिडिओ लावला. फलाटावर आरोही हसत उभी होती, मागं स्टेशनची पिवळी पाटी.

"मलाच का निवडलं त्यानं?"

"निवडलं नाही. तुझं खातं उघडं होतं, चेहरा स्वच्छ दिसत होता. एवढंच."

"त्याचा फोटो दाखवाल?"

"बघून काय करशील?" बाई म्हणाल्या, आणि दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं विक्रमला फोटोचं सगळं सरळ सांगितलं. "मला वाटलं, तूच आहेस."

तो हात पुसायचा थांबला. "एकदा इचारायचं तरी."

"तू न्हाय म्हणाला असतास. माझा इश्वास बसला नसता."

"न्हाईच बसला असता," तो म्हणाला, आणि आपल्या मशीनकडं गेला. पुढं बरेच दिवस तो कामापुरतंच बोलला. आरोहीनंही घाई केली नाही.

झालेलं आरोहीनं गावात लपवलं नाही; आता कुणाला असा फोटो आला की गावातल्या पोरी तिच्याकडं येतात. परवा एक कॉलेजची पोरगी परसदारी येऊन फोन पुढं करत रडायला लागली. "आक्का, कोण असंल गं ह्यो?"

"ते कळंल, न्हायतर न्हाय बी कळायचं," आरोही तिला शेजारी बसवून म्हणाली. "घरात कुणाला सांगितलंस का आधी?"