लातूरच्या पानावर एक ओळ

भुजंगराव बोळेगावे यांची अख्खी नोकरी एका सरकारी कचेरीत, एका टेबलावर आणि एका वाक्यावर गेली. ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.’ अर्ज विहिरीचा असो की वर्गखोलीचा, भुजंगराव तो चष्म्याच्या खालून वाचायचे, वरून वाचायचे, उजेडाला धरून वाचायचे आणि शेवटी लाल शाईनं हे वाक्य लिहून परत पाठवायचे. लोक हेलपाटे घालून घालून वैतागायचे. पण एक गोष्ट त्यांच्या दुश्मनालाही नाकारता आली नसती. या माणसानं कुणाचा कपभर चहासुद्धा कधी घेतला नाही. ते फुकट अडवायचे.

निवृत्तीला शाल-नारळ मिळाला, लाल पेन टेबलावर राहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून भुजंगरावांना अडवायला काही उरलं नाही. घरात जाऊन अडवावं, तर घर रुक्मिणबाईंचं होतं. खालच्या दोन खोल्या आणि पुढचं पत्र्याचं शेड मिळून त्यांची मेस चालायची. लातुरात शिकवणीला येणाऱ्या मुली, हदगावच्या, मुदखेडच्या, रेणापूरच्या, दोन्ही वेळा तिथं जेवायच्या. भुजंगराव त्याला मेस म्हणत नसत, ‘घरगुती जेवणं’ म्हणत. सरकारी माणसाच्या दारावर खानावळीची पाटी शोभत नाही म्हणून त्यांनी पाटी लावू दिली नव्हती, आणि सरकारनं त्यांना मोकळं केलं तरी पाटीला काही मोकळीक मिळाली नव्हती. त्यांचं स्वतःचं ताट वर जायचं. ते बाहेरच्या जिन्यानं ये-जा करायचे. मेसशी त्यांचा संबंध एवढाच, की सकाळी गंजगोलाईतून दोन पिशव्या भाजी आणून ओट्यावर ठेवायची आणि कुणी बघायच्या आत वर निघून जायचं.

पुण्यातल्या मुलानं दिवाळीला जुना लॅपटॉप आणून दिला आणि इंटरनेटवरचा एक मोफत ज्ञानकोश दाखवला. त्यात लातूर शहरावर लेख होता. ‘बाबा, यात कुणीही भर घालू शकतं आणि कुणीही खोडू शकतं,’ मुलगा म्हणाला. पहिलं अर्धं वाक्य भुजंगरावांच्या कानावरून गेलं. दुसऱ्या अर्ध्यानं त्यांचे डोळे चमकले.

त्या लेखात ‘प्रसिद्ध व्यक्ती’ नावाचा एक भाग होता. त्यात दोन व्यायामशाळावाले होते, एक भावी नगरसेवक होता, एक माजी भावी नगरसेवक होता, ‘युवकांचे प्रेरणास्थान’ असे तिघे होते आणि आपल्या नावामागं डॉक्टर लावणारा एक कंपाउंडर होता. भुजंगरावांनी बाह्या सरसावल्या. ज्ञानकोशाचा नियम त्यांनी शोधून काढला आणि तो त्यांना फार आवडला : जे लिहिलंय ते आधी कुठंतरी विश्वासार्ह ठिकाणी छापून आलेलं पाहिजे, आणि ते ज्याच्याबद्दल आहे त्याच्याशी संबंध नसलेल्या माणसानं छापलेलं पाहिजे. तसा संदर्भ नसेल तर ओळ बाद. त्यांनी एकेक प्रेरणास्थान खोडायला घेतलं आणि प्रत्येकापुढं शेरा मारला, ‘त्रुटी : संदर्भ नाही.’ त्या दिवशी त्यांना दुपारची झोपही लागली छान.

मग त्यांचा हात बसला. कुणीतरी लिहिलं, ‘शहरात नळाला रोज पाणी येत नाही.’ त्या दिवशी नेमकं बऱ्याच दिवसांनी पाणी आलं होतं आणि भुजंगराव बॅरल भरता भरता गुडघ्यापर्यंत भिजले होते. तसेच ओल्या पायजम्यानं ते वर गेले, ती ओळ वाचली आणि खोडली. संदर्भ कुठं होता?

लेखाचा कारभार बोळेगावेंकडं आहे ही बातमी पसरली आणि माणसं घरी येऊ लागली. माउली ढगे तर तीनदा आला. प्लॉटिंगचा धंदा, गळ्यात साखळी आणि पुढच्या निवडणुकीवर डोळा. त्यानं एका साप्ताहिकाचं कात्रण टेबलावर पसरलं. वर त्याचा फोटो, खाली त्याचे गुण.

‘ही वाढदिवसाची जाहिरात आहे,’ भुजंगराव म्हणाले.

‘बातमी हाय ओ काका. खाली बगा, वार्ताहर लिवलंय.’

‘वार्ताहराला तुम्हीच सांगितलं ना?’

‘मग कोण सांगणार? त्याला काय सपान पडणार हाय का?’

‘तुमच्याशी काही संबंध नसलेल्या माणसानं, आपणहून, तुमच्याबद्दल लिहिलेलं पाहिजे. तो नियम आहे.’

माउली विचारात पडला. ‘काका, माझ्याशी संबंध नसलेला माणूस आपणहून माझ्याबद्दल जे लिवील, ते तुमाला छापता येणार न्हाई.’

भुजंगरावांनी कात्रणाची घडी घालून ते परत दिलं आणि म्हणाले, ‘त्रुटींची पूर्तता करा, मग या.’ हे वाक्य तोंडातून निघाल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी आपणहून माउलीला चहा विचारला.

आता खरं काय ते सांगून टाकू. भुजंगराव ती यादी ज्ञानाच्या प्रेमानं साफ करत नव्हते, ते जागा करत होते. होता होता यादीत फक्त काही थोर माणसं उरली, बहुतेक स्वर्गवासी. त्यांच्या खालच्या मोकळ्या ओळीवर भुजंगराव रोज लिहायचे, ‘भुजंगराव बोळेगावे : ज्ञानकोशकार.’ थोडा वेळ त्याकडं बघत बसायचे आणि जतन न करता पुसायचे. आयुष्यभर लोकांच्या कागदावर शेरे मारले, पण आपल्या नावानं एखादा कागद असावा असं कधी झालं नाही, ही गोष्ट त्यांना आतून खात होती. या शहरात आपण होतो याची कुठंतरी एक ओळ राहावी, एवढंच त्यांना पाहिजे होतं. पण नियम आडवा येत होता, आणि नियम मोडायचा तर इतक्या लोकांना कोणत्या तोंडानं अडवलं असतं?

म्हणून त्यांनी एका मोठ्या दैनिकाच्या कार्यालयात फोन लावला. शहराचा ज्ञानकोश एक निवृत्त माणूस एकट्यानं सांभाळतो, मुलाखतीजोगा विषय आहे, असं त्यांनी स्वतःबद्दल तिसऱ्या माणसाच्या आवाजात सांगितलं. चार दिवसांनी गीतांजली नावाची बातमीदार आली. भुजंगरावांनी सफारी घातली होती आणि लॅपटॉपखाली टेबलक्लॉथ घातला होता. काय काय खोडलं ते त्यांनी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती लिहून घेत होती, मग हळूहळू नुसतीच मान हलवायला लागली.

‘आणि सर, तुम्ही स्वतः लेखात लिहिलं काय काय?’ तिनं विचारलं.

‘लिहिण्याचा प्रश्न नाही. काय ठेवायचं ते मी ठरवतो.’

तेवढ्यात खालून रुक्मिणबाईंचा आवाज आला. ‘अवो, त्या लेकराला जेवायला धाडा खाली. सकाळधरनं उपाशी फिरायली आसंल.’ गीतांजली ‘आलेच सर’ म्हणून खाली उतरली. ती परत वर आली नाही. तिची चप्पल जिन्याच्या तोंडाशी तशीच होती, म्हणून भुजंगराव सफारीत घामेजून वाट बघत राहिले. शेवटी चप्पलही गेली.

रविवारी अर्धं पान छापून आलं. मथळा होता, ‘रुक्मिणमावशीची पंगत.’ परीक्षेच्या सकाळी मावशी दारात उभं राहून प्रत्येकीच्या हातावर दहीसाखर कशी ठेवतात, ताप आला तर मऊ भात खोलीवर कसा पोचतो, सगळं होतं. आणि मावशीच्या मेसचा एकमेव कायदा होता : पंगतीत कुणी कुणाचे मार्क विचारायचे नाहीत. ज्या गावात दूधवाला पिशवी देताना मार्क विचारतो, त्या गावात मुलींना सुखानं घास गिळता येईल अशी ही एक जागा, असं गीतांजलीनं लिहिलं होतं. भुजंगराव आपलं नाव शोधत शेवटच्या ओळीपर्यंत गेले. तिथं होतं, ‘भाजी त्यांचे पती आणतात.’ फोटोत रुक्मिणबाई हातात डाव घेऊन हसत होत्या आणि त्यांच्यामागं एक पिशवी आणि ती धरलेला अर्धा हात दिसत होता.

संध्याकाळपर्यंत ती मेस ज्ञानकोशात पोचली. मनिषा नावाच्या कुण्या जुन्या मुलीनं, आता ती नांदेडला डॉक्टर होती, लातूरच्या लेखात ‘शिक्षण’ या भागात चार वाक्यं घातली. शेवटचं वाक्य पतीचं आणि भाजीचं. खाली दैनिकाचा संदर्भ, तारखेसकट.

भुजंगरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. बातमीदार कुणी बोलावली, सफारी कुणी घातली, आणि पानावर गेलं कोण! बायकोचा त्यांना हेवा वाटला आणि हेवा वाटल्याचा रागही आला. त्यांनी चारी वाक्यं खोडली. ‘त्रुटी : संदर्भ नाही.’ पाच मिनिटांत कुणीतरी ती परत टाकली. ‘संदर्भ आहे. चष्मा लावावा.’ त्यांनी पुन्हा खोडली. ‘घरगुती जेवणं. उल्लेखनीय नाही.’ पुन्हा परत आली. मेसमधून जेवून गेलेल्या मुली आता गावोगाव होत्या, कुणी दवाखान्यात, कुणी बँकेत, आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल होते. भुजंगरावांच्या हातात एकच बोट होतं टाइप करायला.

अशा वेळी प्रकरण लेखाच्या चर्चा पानावर जातं. तिथं सगळ्यांनी मत मांडायचं आणि ज्ञानकोशाच्या प्रचालकानं, म्हणजे तिथल्या मोठ्या साहेबानं, निकाल द्यायचा. भुजंगरावांनी मुद्देसूद टिपण लिहिलं. त्याखाली त्यांनी आजवर अडवलेलं अख्खं लातूर जमा झालं. व्यायामशाळावाले आले, कंपाउंडर आला, तिन्ही प्रेरणास्थानं आली. सगळ्यांनी एकच लिहिलं, मेस राहिली पाहिजे. निम्म्यांनी मेस पाहिलीही नव्हती.

प्रचालक कुठल्या दूरच्या गावचा होता, पण माणूस नियमाचा होता. त्यानं निकाल दिला : संदर्भ स्वतंत्र आहे, दैनिक विश्वासार्ह आहे, लेखिकेचा त्या बाईंशी संबंध नाही, सबब मेसचा मजकूर कायम. ‘मात्र शेवटचे वाक्य अनावश्यक आहे. पती उल्लेखनीय नाहीत. वगळावे.’

आणि ते वाक्य गेलं.

कालपर्यंत त्या भाजीच्या ओळीची भुजंगरावांना लाज वाटत होती. ती गेल्यावर मात्र त्यांनी तो लेख तीनदा वरपासून खालपर्यंत शोधला. बरी होती की वाईट, लातूरच्या लेखात त्यांची तेवढीच तर ओळ होती. रात्रीचं जेवण बाजूला ठेवून या खोडणाऱ्या माणसानं आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला. पतीचा उल्लेख संदर्भासहित आहे, भाजीविना मेस चालू शकत नाही, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. उत्तर सकाळी आलं. ‘पतीबद्दल स्वतंत्र संदर्भ आल्यास फेरविचार करता येईल.’ उत्तराची धाटणी त्यांच्या फार ओळखीची होती.

त्यात आणखी माउलीचा फोन आला. ‘काका, मी तुमच्या बाजूनं लिवलो बगा तिथं. भाजी आणणं म्हंजी काय लहान काम हाय का?’ भुजंगरावांनी फोन ठेवला आणि आतल्या जिन्यानं खाली उतरले. तो जिना त्यांनी कैक वर्षांत वापरला नव्हता.

रुक्मिणबाई भाकरी थापत होत्या. तो ज्ञानकोश त्यांनी पाहिला नव्हता, पण दोन दिवस मुलींचे फोन येत होते, त्यामुळं झालेलं सगळं त्यांना ठाऊक होतं. खोडलं कुणी, हेही ठाऊक होतं.

‘तू त्या गीतांजलीला एक फोन कर,’ भुजंगराव म्हणाले. ‘म्हणावं, माझं नाव लिहायचं राहिलं.’

‘करते की. पर ती इचारंल, ह्यांनी काय केलंय म्हून. काय सांगू?’

‘भाजी...’

‘भाजी छापली तिनं. बाकीचं सांगा. तुमी सांगचाल तसं सांगते.’

भुजंगराव आठवू लागले. अडवलेलं भराभर आठवत होतं, परत पाठवलेलं आठवत होतं, खोडलेलं तर तोंडपाठ होतं. रुक्मिणबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, टोपल्यात टाकली, तरी सांगण्याजोगं काही निघेना. बाहेर शेडमध्ये पंगत बसत होती. भुजंगरावांनी वरणाचं पातेलं उचललं, डाव घेतला आणि बाहेर गेले.

त्यांना उपरती झाली असं कुणाला वाटलं तर तो गैरसमज आहे. डोक्यात संदर्भच होता. जाताना त्यांनी मोबाइल कडेच्या मुलीच्या हातात दिला आणि वाढताना एक फोटो काढ म्हणून सांगितलं. पण पातेलं जड होतं, वरण पातळ होतं आणि वाढायची सवय नव्हती. पहिल्या ताटात वरण भातावर न पडता लोणच्यावर पडलं. दुसऱ्या मुलीची ओढणी भिजली. तिसरी महामाया, यंदाच्याच बॅचची, हदगावची. तिनं आपलं ताट बेतानं जरा मागं ओढलं आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं विचारलं, ‘मावशी, हे कोण वाढून राहिले? नवीन माणूस ठेवला का कामाला?’

रुक्मिणबाईंनी भाकरी थापता थापताच आतून सांगितलं, ‘आजच आलेत, माय. टिकले तर नाव सांगते.’