वाटीभर म्हणजे किती तोळे

रावपुऱ्यातले लक्ष्मीकांतराव गुप्ते मोजणी खात्यात कारकून होते, आणि कचेरीतून घरी निघताना मोजणी तिथेच ठेवून येणे त्यांना कधी जमले नाही. तेव्हा बडोद्यात सुधारणेचे वारे असे जोरात होते, की ज्याच्या नावावर एखादी सुधारणा नाही त्याला चारचौघांत तोंड दाखवणे जड जाई. शाळा, वाचनालये, तालमी यांत आधीच मंडळी घुसून बसली होती. लक्ष्मीकांतरावांच्या वाट्याला स्वयंपाकघर आले.

झाले असे, की एका रविवारी पडवळाची भाजी फर्मास जमली. त्यांनी बायकोला, मंदाकिनीबाईंना, विचारले, "पडवळ किती घेतलं होतंस?"

"दोन वाट्या."

"कुठल्या वाटीनं?"

"हाताशी आली तिनं."

लक्ष्मीकांतरावांचा घास हातातच राहिला. ज्या राज्यात शेताचा बांध साखळी लावून मोजला जातो, तिथे त्यांच्याच घरी असा अंदाधुंद कारभार चालावा! संध्याकाळी ते मांडवीच्या बाजारात जाऊन सोनारी काटा घेऊन आले आणि घरातली एक पितळी वाटी त्यांनी प्रमाण म्हणून जाहीर केली.

वांग्याने त्रास दिला नाही, भोपळ्यानेही नाही. मेथीने मात्र दगा दिला. सैल भरली तर वाटीत अडीच तोळे, दाबली तर सहा.

"तू किती दाबतेस?" त्यांनी विचारले.

"मी दाबतच नाही. मी शिजवते."

शेवटी त्यांनी स्वतःच्या अंगठ्याचा मध्यम दाब शास्त्रशुद्ध ठरवला.

मंदाकिनीबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे एवढेच म्हटले, "अहो, माझ्या फोडी लहानमोठ्या होतात. त्यानं तुमचं वजन चुकत असेल." हे लक्ष्मीकांतरावांना एकदम पटले. दुसऱ्या दिवसापासून विळीवर ते बसू लागले आणि मंदाकिनीबाई बाहेर ओट्यावर मासिक वाचत. शेजारच्या कौशल्याबाईंनी विचारले, तर म्हणाल्या, "सुधारणा चालली आहे आत."

पुढे एका महिला मंडळात लक्ष्मीकांतरावांचे व्याख्यान झाले. त्यांनी गवार, पापडी, रताळी यांचे तोळे खडाखडा म्हणून दाखवले. निरुपमाबाई नावाच्या एका वकिलांच्या पत्नीने विचारले, "पण हे सगळं तुमच्या घरच्या वाटीचं ना? आमची मोठी आहे."

लक्ष्मीकांतराव टिपणाचे कागद उलटसुलट करू लागले. त्यांना अध्यक्षांनी वाचवले. अध्यक्ष दत्ताजीराव व्याख्यानभर डुलक्या घेत होते, त्यामुळे त्यांचे मत स्वच्छ होते. ते उठून म्हणाले, "प्रश्न महत्त्वाचा आहे. समिती नेमू."

समिती दत्ताजीरावांच्या घरी भरे. तिथे प्रत्येकीने आपापल्या घरची वाटी आणली आणि प्रत्येकीला तीच प्रमाण वाटली. एकमत झाले ते फक्त चिवड्यावर. तोही कुणी मोजून घेतला नाही. काही बैठकांनंतर समिती आपोआप विरली, आणि विसर्जन झाल्याचे लक्ष्मीकांतरावांना कुणी कळवलेही नाही. ते आपले बैठकीसाठी अंगरखा घालून दत्ताजीरावांच्या दारात उभे, आणि आत पत्त्यांचा डाव रंगलेला.

त्या श्रावणात मंदाकिनीबाई तापाने आडव्या झाल्या. लक्ष्मीकांतरावांनी दुधी तोळ्यातोळ्याने मोजून शिजवला आणि मऊ भाताबरोबर त्यांच्यापुढे ठेवला. मंदाकिनीबाईंनी एक घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"मीठ?" त्यांनी विचारले.

"मीठ भाजीत मोडत नाही," लक्ष्मीकांतराव ओशाळून म्हणाले. "मी फक्त भाज्यांचा हिशेब केला होता."

मंदाकिनीबाईंना तापातही हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, तेव्हा लक्ष्मीकांतरावांनी घाबरून पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला आणि वजन वगैरे न बघता मीठ आणून कालवले.

ताप उतरला. भाज्या पुन्हा हाताशी येईल त्या वाटीने शिजू लागल्या आणि काटा माळ्यावर गेला. विळी मात्र लक्ष्मीकांतरावांकडेच राहिली. फोडी एकसारख्या कराव्यात तर त्यांनीच, हे मंदाकिनीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. ते पेन्शनीत निघाले तोवर आळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवू लागल्या होत्या, की सुधारणा करायची तर गुप्त्यांसारखी करावी.