दोन सिंगल पलंग

लग्न तेरा दिवसांवर आलं आणि योगिनीच्या आईनं, नवसाबाईनं, पंचवटीतल्या फर्निचरवाल्याकडं दोन पलंग सांगून टाकले. दोन वेगवेगळे, सिंगल.

"झोपेत त्याचा पाय लागला, तर तुला कळायचं पण नाय," ती म्हणाली. "एकमेकांना सोबत झाली, लय झालं."

सात वर्षांपूर्वी झेंडूनं भरलेल्या टेम्पोवरून पडून योगिनीचा कणा मोडला; कमरेखाली जाणीव नाही. चाकाच्या खुर्चीत बसून ती मखमलाबादच्या मळ्यातली फुलं विकते, फोनवर व्यापाऱ्यांशी कडाकडा भांडते. ललित पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांची प्रतवारी बघतो, पोलिओमुळे कुबडी घेऊन चालतो. दिव्यांगांच्या दाखल्याच्या रांगेत दोघं भेटले, नंबरावरून भांडले, आणि त्यातूनच हे लग्न ठरलं.

योगिनीच्या घरात लग्नाच्या मुलीला हळदीआधी थोरली वहिनी गजरे ओवायच्या निमित्तानं खोलीत नेते आणि दार लोटून सगळं सांगते. चुलतबहिणींच्या वेळी खिदळणं अंगणापर्यंत आलं होतं. योगिनीला मात्र कोणी बोलावलंच नाही.

"वहिनी, मला कधी सांगणार?" तिनं शेवटी विचारलं.

शुभांगीवहिनीच्या हातातली सुई थांबली. "काय सांगू गं? तुमचं कसं असतं, मलाच ठाऊक नाय."

खरं बोलली, म्हणून योगिनीला राग आला नाही. तिला स्वतःला तरी कुठं ठाऊक होतं? सात वर्षांत डॉक्टरांनी पाठीच्या जखमा विचारल्या, लघवी विचारली. हे कोणी काढलंच नाही. आपला संसार खरंच नुसत्या सोबतीचा असेल, तर लग्नाआधी कळलेलं बरं.

"मग ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडं चला," ती म्हणाली.

कॉलेज रोडच्या दवाखान्यात वहिनीनं सुरुवात केली, "हिला विचारायचंय की..."

"त्यांनाच विचारू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

योगिनीनं मोबाइलवर अकरा प्रश्न लिहून आणले होते. तोंडातून मात्र भलताच बाहेर पडला, "मला नवऱ्याबरोबर राहता येईल का? म्हणजे, सगळं?"

"येईल की," बाई म्हणाल्या, रक्तदाब सांगावा तितक्या सहज. मग तपासायच्या टेबलावरची उशी घेऊन कुठं टेकू द्यायचा ते दाखवलं. आधी लघवी करून घ्यायची. सुख एकाच जागी नसतं; मान, कान, हात, जिथं बरं वाटतं ते दोघांनी शोधायचं, नको असेल तेव्हा नको म्हणायचं. मूलही होऊ शकतं, फक्त तपासण्या जास्त. तोवर दिवस राहू नयेत म्हणून मनानं गोळ्या घ्यायच्या नाहीत. बसून राहणाऱ्याला सगळ्याच चालत नाहीत.

पंख्याकडं बघत बसलेली वहिनी आता खुर्ची ओढून पुढं सरकली. तिनंही दोन प्रश्न विचारले, तिसराही काढला.

"वहिनी, नंबर माझा आहे!"

बाई खळखळून हसल्या. "येत्या गुरुवारी दोघांनी या."

रिक्षा थेट फर्निचरच्या दुकानासमोर थांबली. योगिनीनं आतूनच दुकानदाराला हाक मारली.

"कारभारीभाऊ, पलंग एकच करा. डबल. उंची माझ्या खुर्चीच्या बैठकीएवढी. मला माझी मी सरकायचंय."

"आईंना विचारू का एकदा?"

"आई झोपणारे का त्यावर?"

वहिनी पदर तोंडात धरून हसायला लागली. योगिनीनं तिथूनच ललितला फोन लावला. मागं मशीनची घरघर.

"डॉक्टर म्हणाल्या, जमेल!"

"काय जमेल? मोठ्यानं बोल!"

"सगळं!" रिक्षावाल्यानं आरसा जरा वर केला. करू दे. "सगळं जमेल, ललित! गुरुवारी तुलाही बोलावलंय."

 पलीकडची घरघर दूर गेली. तो बाहेर आला असावा.

"मी घाबरलो होतो गं. तुला काही इजा झाली तर? विचारणार कोणाला? म्हणून तुझ्या आईंच्या दोन पलंगांना मी पण हो म्हटलं होतं."

"तू?" तिला रडूच येणार होतं, पण हसू आधी आलं. "आणि आता?"

"आता गुरुवारचा सकाळचा नंबर लाव. संध्याकाळपर्यंत दम नाय निघायचा मला."