पहिलीचा आवाज

आधी चहा संपवून घ्या. मध्येच ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही. कारण आज जो घोळ सांगणार आहे ना, तसा घोळ घालायला माणूस शिकलेला लागतो. येऱ्यागबाळ्याचं ते काम नाही! आणि घोळ कोणाचा म्हणाल, तर अर्थातच माझा. दुसऱ्यांचे घोळ सांगायला मी काय रिकामा बसलोय?

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. मी मलकापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. शाळा एकशिक्षकी. पहिली ते चौथी, चारही वर्ग एका खोलीत, आणि शिकवायला मी एकटा.

पाचवीला जायचं तर नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात. पोरं जायची. पोरींना कोण पाठवतो? चौथी झाली की पोरगी घरी. सरपंच तुळशीरामभाऊंची सकू त्या वर्षी चौथीत होती. हिशेबात पक्की, तोंडानं तिखट. शाळा सुटली की दारात उभी राहायची.

"गुरुजी, पाचवी कवा येते?"

जशी काही पाचवी एस्टीनं येणार होती! मी म्हणायचो, "येईल गं, येईल." पण मनातून फार वाईट वाटायचं. एवढी हुशार पोरगी घरी शेण थापत बसणार, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

हे झालं शाळेचं. आता माझ्या फटफटीकडे या.

माझा भाऊ फौजेत होता. सुट्टीवर आला तेव्हा एक जुनी मोटरसायकल घेऊन आला आणि जाताना माझ्या गळ्यात टाकून गेला. गाडी दणकट, चार गेरची. पण एक खोड वाईट. उभ्या गाडीत पहिला गेर टाकला की खडाक्! असा आवाज, की घरात कपाट पडलं असं वाटावं. गाडी हिसका द्यायची, मी हिसका खायचो आणि अर्ध्या गावाची झोप मोडायची. पाटलांची म्हैस तर त्या आवाजानं दूध चोरायला लागली. पाटीलबाई मला रस्त्यात गाठून म्हणाल्या, "गुरुजी, दुधाचं तेवढं तुमी पाहा आता!" आता मी काय पाहणार? मी दूध देतो का?

आणि हो, एक सांगायचंच राहिलं. गेरला 'पहिला, दुसरा' म्हणणं माझ्या जिभेला जमायचंच नाही. मास्तरची जीभ ती! तिच्यावर पहिली, दुसरी, तिसरी, चौथी हेच बसलेलं. 'पहिलीत टाकली, दुसरीत घेतली,' असंच मी बोलायचो. गावानंही तेच उचललं. सकाळी खडाक् झालं की पारावरचे म्हातारे म्हणायचे, "गुरुजीनं पहिली टाकली वाटते." हे ध्यानात ठेवा. पुढचा सगळा सत्यानाश यानंच केला.

गाडी मलकापूरच्या मिस्त्रीला दाखवली. तो म्हणाला, "फौजी गाडी हाय गुरुजी, आवाज तो करेगीच!" हे काय उत्तर झालं? मी हट्टाला पेटलो. म्हटलं, आठ वर्षं पोरांच्या डोक्यात पाढे घातलेत, या लोखंडाची काय टाप!

सुट्टीचा प्रत्येक दिवस मी शाळेमागच्या लिंबाखाली गाडीशी झटत बसलो. क्लचची तार ढिली होती, त्यामुळे क्लच पुरता सुटत नव्हता. तार ओढून घेतली. भावानं गाडी टिकावी म्हणून डांबरासारखं जाड तेल भरलं होतं. ते काढलं, पातळ घातलं. उभी गाडी उगाच भरधाव फडफडत असायची, तिची फडफड कमी केली. फरक पडला. पण थंडीच्या सकाळी पुन्हा खडाक्!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रात्रभर उभ्या गाडीतल्या क्लचच्या चकत्या थंडीनं एकमेकींना चिकटून बसतात. त्यांना आधी सुटं करायला हवं! मग काय, किल्ली बंद ठेवली. डाव्या हातानं क्लच दाबून धरला आणि किकवर तीन-चार लाथा हाणल्या. मग गाडी सुरू केली, पुन्हा क्लच दाबला, एक श्वास थांबलो आणि पायानं हळूच गेर दिला.

टक्.

बस्स! नुसतं टक्! तेही मीच कान लावून बसलो होतो म्हणून ऐकू आलं. आनंदानं दोन्ही हात वर करणार होतो, पण वेळेवर क्लच आठवला. जग जिंकलं हो मी त्या सकाळी! पाटलांच्या गोठ्यावरून मुद्दाम हळूहळू गेलो. म्हशीनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

आणि नेमके त्याच दिवशी शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले.

साहेब पुण्याकडचे. कोट, टोपी, बोलणं छापील. मुक्कामाची वळकटी बरोबर. सरपंचांनी मला आधीच बाजूला घेतलं.

"गुरुजी, साहेबाले खुश करा. पाचवीसाठी केलेला आपला अर्ज त्यायच्याच हातात हाये. माह्या सकूले घरी बसवाचं नाई मले."

"काळजी सोडा!" मी म्हटलं. त्या दिवशी मला काहीही अशक्य वाटत नव्हतं.

तपासणी झकास झाली. सकूनं तर व्याजाचं गणित असं सोडवलं की साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग आम्ही सरपंचांच्या ओसरीवर चहाला बसलो. साहेब बशीत चहा ओतत म्हणाले, "सगळं उत्तम आहे गुरुजी. फक्त एकच. तुमच्या पहिलीचा आवाज फार होतो. मला तर रस्त्यावरून ऐकू आला."

साहेब बोलत होते पहिलीच्या पोरांबद्दल. ती बिचारी सकाळपासून 'क-कमळाचा' ओरडत होती. पण माझ्या डोक्यात त्या दिवशी एकच पहिली होती! मला वाटलं, गाडीची कीर्ती तालुक्यापर्यंत गेली.

"आज शक्यच नाही साहेब!" मी म्हटलं. "आज सकाळीच बंद केलाय."

"असं? कसा काय?"

"थंडीत एकमेकींना चिकटून बसतात साहेब. त्यांना आधी सुटं करायचं."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "सुटं बसवलंच पाहिजे. त्यासाठी काय करता?"

"लाथा घालतो."

साहेबांची बशी ओठापाशीच थांबली. "काय घालता?"

"लाथा. तीन-चार. सुरू करायच्या आधी."

आता सरपंचांनी मला सावरावं की नाही? पण ते तर गावचेच! त्यांच्याही डोक्यात फटफटीच. ते अभिमानानं पुढं सरकले.

"म्या सोता पाह्यलं साहेब! डाव्या हातानं दाबून धरते अन् मंग लाथ हाणते. लय मेहनत घेतली गुरुजीनं!"

"आणि गाव काही म्हणत नाही?"

"गाव खुश हाये साहेब! आधी पहिलीपायी झोप नव्हती कोनाले. आता हूं नाई का चूं नाई."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. मी आणखी रंगात आलो. "शिवाय तेलही पातळ घातलं."

"तेल? म्हणजे एरंडेल?"

"छे छे! एरंडेल जाड होईल साहेब."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. माणूस रस घेतोय म्हटल्यावर मला काय, स्फुरणच चढलं. त्यांनी जपून विचारलं, "आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे लोणी! तिचा त्रासच नाही. कधीकधी तर मी दुसरी करतच नाही. पहिलीतून उचलतो ती थेट तिसरीत टाकतो."

"थेट तिसरीत! नियमात बसतं का हे?"

"उतार असला की सगळं बसतं साहेब!"

"आणि चौथी?" साहेबांचा आवाज आता बारीक झाला होता.

"चौथीचं खरं सांगू का? इथं चौथीचं कामच नाही. मलकापूरला गेलो तर लावतो, इथं नाही लावत. आणि लावली तरी जरा चढ आला की दम तोडते. मग चौथीतून परत पहिलीत आणतो. काय करणार!"

साहेबांनी चहा खाली ठेवला. चष्मा पुसला. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "गुरुजी, असं असताना तुम्हाला वर पाचवी हवी आहे?"

मी हसलो हो! खो खो हसलो!

"पाचवी? कोणी सांगितलं तुम्हाला? पाचवी घेऊन काय करू साहेब? इथं चौथी लावता येत नाही. चार आहेत त्याच पुष्कळ झाल्या!"

सरपंचांच्या हातातली बशी कलंडली. सगळा चहा धोतरावर. चटक्याची त्यांना शुद्धच नव्हती. माझ्या कानाशी तोंड आणून ते म्हणाले, "गुरुजी! शाळेची पाचवी! शाळेची!"

काय सांगू तुम्हाला, तेव्हा माझ्या डोक्यात जे खडाक् झालं, तसं गाडीनंही कधी केलं नव्हतं. पहिली... लाथा... चौथी लावत नाही... एकेक वाक्य मला आता उलटं ऐकू यायला लागलं. दाराआड सकू उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

साहेब उठले. "माझी बस चुकेल," एवढंच म्हणाले. मी 'साहेब, ते म्हणजे, गाडी...' असं काहीतरी पुटपुटलो, पण जीभ टाळ्याला चिकटली होती. तिला सुटं करायची युक्ती मला ठाऊक नव्हती.

सरपंचांनी मला दंडाला धरून ओढलं. "साहेबाले फटफटीवर फाट्यावर सोडा. रस्त्यानं सारं समजून सांगा. माही पोरगी हाये गुरुजी, काही बी करा!"

मी गाडी काढली. सरपंचांनी साहेबांची वळकटी माझ्या पाठीमागं, सीटच्या कडेला सैलसर बांधली. साहेब नाइलाजानं जवळ आले. मी क्लच दाबला, श्वास धरला, पाय दिला. टक्सुद्धा नाही! पाठीला ऊब टेकली. निघालो.

आणि मग मी बोललो! मित्रहो, आयुष्यात तसं भाषण मी पुन्हा केलं नाही. पुढं बघत, इंजिनाच्या वर आवाज काढून, सगळं सांगितलं. गेर, क्लच, माझी खोडकर जीभ. "पोरांना मी बोटही लावत नाही साहेब!" म्हटलं. मग पाचवीवर आलो. चौथी झाली की पोरी कशा घरी बसतात, सकू रोज दारात उभी राहून काय विचारते, हेही सांगितलं. साहेब मध्ये एकदाही बोलले नाहीत. खड्डा आला की पाठीला हलकेच धक्का लागायचा. मला वाटलं, माणूस मान डोलावतोय. पटतंय त्यांना!

फाट्यावर आलो. एस्टीची वाट बघणारी माणसं उभी होती. मी गाडी थांबवली आणि शेवटचं वाक्य टाकलं, "आता सांगा साहेब, या पोरींचा काय गुन्हा?"

समोरचा एक शेतकरी माझ्याकडे टकमक बघत होता. म्हणाला, "गुरुजी, कोनाशी बोलून राह्यले?"

मागं वळलो. साहेब नाहीत, नुसती वळकटी!

साहेबांनी फक्त एक पाय उचलला होता. पूर्वी खडाक् व्हायचं, तेव्हा मागचा माणूस आधी सावध व्हायचा, धरून बसायचा. आता आवाजच नाही! मी निघालो आणि साहेब फुफाट्यात बसले.

जीव मुठीत धरून परत आलो. लांबूनच पाहिलं, सरपंचांची बैलांची दमणी जुंपलेली. तिच्यात साहेब, कोटाच्या पाठीला धूळ. आणि साहेब हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

नंतर कळलं ते असं. साहेब फुफाट्यात पडले तसे सरपंच त्यांना उचलायचं सोडून आनंदानं ओरडले, "पाह्यलं साहेब? पहिली टाकली अन् आवाज नाई आला!" साहेब तसेच बसून राहिले. म्हणाले, "म्हणजे... पहिली ही?" मग सकू बाहेर आली. ठसक्यात म्हणाली, "गुरुजी लाथा फटफटीले मारते. आमाले नाई. अन् मले पाचवीत जाचं हाये." झालं! साहेब जे हसत सुटले ते थांबेनात.

मला बघून ते म्हणाले, "गुरुजी, पाचवीची शिफारस मी करतो आहे. जूनपासून वर्ग सुरू करा. मदतीला आणखी एक शिक्षकही मागतो." मग वळकटी माझ्या हातून काढून घेत म्हणाले, "फाट्यावर मात्र मी बैलांबरोबरच जाईन."

दमणी गेली. सकू अंगणभर नाचत होती. जिंकलो होतो हो आम्ही! माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटायची बाकी होती.

"सरपंच," मी म्हटलं, "रस्त्यानं मी काय बोललो म्हणून सांगू! ते भाषण साहेबांनी ऐकलं असतं ना, तर नुसती पाचवी काय, थेट सातवीपर्यंत शाळा मिळाली असती!"

सरपंचांनी ओलं धोतर झटकलं आणि हात जोडले.

"गुरुजी, गेले ते बरं झालं. तुमी अठी थांबले असते तं हाये ती चौथी बी गेली असती!"